टोर्लीचा मुका धबधबा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत टोर्ली नावाची एक दरी आहे. तिथे साठ हात उंचीवरून एक धबधबा कोसळतो, आणि त्याला आवाज नाही. पाणी कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. पाणी चांगलं भरभरून येतं, पायथ्याशी पुढे आलेल्या एका पाठीसारख्या खडकावर पडतं आणि त्याच्या अंगावरच्या दाट शेवाळातून गुपचूप खाली उतरतं. समोर उभं राहिलं तर शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. पहिल्यांदा येणारी माणसं आपल्याच कानांना काही झालं की काय, म्हणून कानात बोटं घालून बघतात.

पाहुण्यांना तिथे घेऊन जाण्याचं काम टॉर्किल नावाचे एक म्हातारे गृहस्थ करतात. चाळीस वर्षं त्यांनी या दरीत टपाल वाटलं. धबधब्याच्या वाटेवर पत्र्याची एक शेड आहे, तिच्या भिंतींवर दरीतल्या शाळेच्या मुलांनी काढलेली चित्रं टांगली आहेत. टॉर्किल आधी ती चित्रं दाखवतात. सगळ्या चित्रांत एकच प्राणी आहे. अंगभर लांब केस, बोकडाचे पाय, डोक्यावर शिंगं. कुणी शिंगं सरळ काढली आहेत, कुणी वळलेली. पण एकाही चित्रात त्याचा चेहरा नाही, सगळ्यांनी त्याची पाठच रंगवली आहे. "चेहरा कुणी नीट पाहिलाच नव्हता," टॉर्किल म्हणतात. "पाहण्याइतका वेळ त्याला कुणी समोर उभंच राहू दिलं नाही."

या प्राण्याला तिकडे उरिस्क म्हणतात. अर्धा माणूस, अर्धा बोकड. तो धबधब्याच्या मागच्या कपारीत एकटा राहायचा. फार जुनी गोष्ट आहे, किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. त्या काळी धबधबा मुका नव्हता, उलट असा गर्जायचा की पलीकडच्या खिंडीपर्यंत दुसरं काही ऐकू यायचं नाही. उन्हाळा आला की दरीतल्या बायका गाई घेऊन वर यायच्या, धबधब्याजवळच्या सपाटीवर दगडी झोपड्यांत तीन महिने राहायच्या, लोणी आणि चीज करायच्या. त्या गर्जनेत बोलणं म्हणजे एकमेकींच्या कानात ओरडणं, म्हणून त्या बहुतेक कामं हातांच्या खुणांनीच करायच्या, असं सांगतात.

संध्याकाळी शेकोटी पेटली की उरिस्क यायचा. लांबच्या एका दगडावर बसायचा आणि बघत राहायचा. कुणाला त्रास नाही, कशाला हात लावणं नाही. भरकटलेली एखादी गाय सकाळी आपोआप गोठ्यापाशी उभी दिसायची, ती कुणी आणली ते बायकांना कळायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. शोनत नावाची एक म्हातारी त्यांच्यात सगळ्यात वडील होती. तिचा नियम कडक होता. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला शेकोटीशी जागा द्यायची नाही. एकदा बसला की तो उठायचा नाही, आणि वस्तीचं वाटोळं होईल.

त्या वर्षी मार्सली पहिल्यांदाच वर आली होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मागे एक गाय आणि ऊना नावाची सात वर्षांची मुलगी. तिला ऊनाशिवाय जगात कुणी नव्हतं, आणि त्यामुळे ती सारखी घाबरलेली असायची. मुलगी दोन पावलं लांब गेली तरी हिचा जीव खालीवर व्हायचा.

एके संध्याकाळी मार्सली चीज पिळत होती. मान वर करून बघते तर उरिस्क शेकोटीपाशी आलेला, आणि ऊना आपल्या स्टुलावर बाजूला सरकून त्याला अर्धी जागा देत होती. मार्सलीला पुढचं काही सुचलं नाही. तिकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात. तसं एक जळतं ढेकूळ तिने चिमट्याने उचललं आणि फेकून मारलं. ते त्याच्या पाठीवर बसलं. केस जळल्याचा वास सुटला. उरिस्क ओरडला नाही, चिडला नाही. उठला आणि पाण्याकडे निघून गेला.

"आई, तो नुसता बसला होता गं!" ऊना तिच्या कानाशी ओरडली आणि रडत झोपडीत गेली.

शोनत म्हातारीने मार्सलीची पाठ थोपटली. बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. मार्सलीला मात्र त्या वासाने जेवण गेलं नाही. चूक झाली हे तिला त्याच घटकेला कळलं होतं, पण कबूल कुणापाशी करणार?

उन्हाळा संपत आला. खाली उतरायला चार दिवस राहिले असताना एका सकाळी धुकं उतरलं. तिकडचं धुकं म्हणजे आपला हात आपल्याला दिसायचा नाही असं. मार्सली दूध काढून परतली तर ऊना जागेवर नव्हती. कोपऱ्यातली लोण्याची लहान वाटीही नव्हती. भाजल्यावर लोणी लावतात, हे तिनेच मुलीला शिकवलं होतं.

झोपड्या आणि धबधबा यांच्यामध्ये दलदल होती. अंगाने भरलेल्या गाई त्या दलदलीने गिळल्या होत्या. बायकांनी एकमेकींच्या कमरेला दोर बांधले आणि हाका मारत निघाल्या. पण हाक मारून उपयोग काय? पोरीने ओ दिली तरी ती ऐकू कशी येणार? पाण्याचा तो धडधडाट सगळं खाऊन टाकत होता. दुपार झाली. बायकांचे घसे बसले. शोनत म्हातारीने मार्सलीच्या हाताला धरून मान हलवली, म्हणजे आता पुरे, परत फिरू.

मार्सलीने दोर सोडला. ओढ्याच्या काठाकाठाने, दगड चाचपत ती धबधब्यापाशी पोचली. तुषारांत उभी राहून ज्याच्याशी बोलायचं नाही त्यालाच तिने हाक मारली. तो कपारीतून बाहेर आला. ती त्याच्या कानाशी गेली.

"माझी ऊना हरवलीय. तुझ्यासाठीच निघाली होती. या आवाजात मला तिची हाक ऐकू येत नाही. थोडा वेळ हा आवाज थांबव. मी तुझे पाय धरते."

उरिस्क तेव्हा आयुष्यात एकदाच बोलला, असं सांगतात. त्याने विचारलं, "किती वेळ?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

तो वळला, धारेखाली शिरला आणि ओणवा झाला. साठ हातांवरून येणारं सगळं पाणी त्याने पाठीवर घेतलं. भाजलेल्या जागेवरच ते आधी पडलं असणार. अंगावरच्या दाट केसांत पाण्याचा आवाज जिरला. डोंगर गप्प झाला.

दलदलीच्या काठावर बायका होत्या तिथे थबकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिथल्या पाखरांचा आवाज कधी ऐकला नव्हता. आणि मग, लांबून, अगदी बारीक आवाजात, "आई."

मार्सली त्या आवाजाच्या रोखाने धावली. ऊना कमरेपर्यंत रुतली होती. दोन्ही हात डोक्यावर, आणि हातांत लोण्याची वाटी, तिला चिखलाचा एक थेंब लागलेला नव्हता. बायकांनी पोटावर आडवं पडून, जाड लोकरी शाल फेकून तिला ओढून काढलं. पोरगी निळी पडली होती. तिला गुंडाळलं आणि कुणी पाठ, कुणी पाय धरून तशाच सगळ्या दरीकडे उतरल्या. दुसऱ्या दिवशी गडीमाणसं वर जाऊन गाई घेऊन आली आणि त्या वर्षीचा मुक्काम संपला. वर इतकी शांतता कशी, असं त्यांनी खाली येऊन विचारलंही म्हणे. पण मार्सली तेव्हा मुलीच्या उशाशी होती. तिच्यापर्यंत कुणाचं काही पोचत नव्हतं.

तीन आठवडे ऊना तापाने फणफणली होती. चौथ्या आठवड्यात ताप उतरला, तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"आई, त्याला लोणी दिलंस का?"

मार्सलीला तेव्हा कुठे आठवलं. पुरे म्हणायचं राहून गेलं होतं.

ती तशीच उठून निघाली. पण खिंडीत बर्फ पडलं होतं. दोन वेळा ती अर्ध्या वाटेवर गेली, दोन्ही वेळा माणसांनी तिला ओढत परत आणलं. तो आख्खा हिवाळा तिने दाराशी बसून काढला. एवढा भोळा कोण असेल, गेला असेल केव्हाच आपल्या कपारीत, असं लोक समजावायचे. वस्तीत कुणी कधी त्याचं ऐकून घेतलं नव्हतं, पण त्याने मात्र तिचं ऐकलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

बर्फ वितळल्यावर सगळ्यांच्या आधी ती वर पोचली. डोंगर गप्प होता. धारेखाली एक खडक होता, पाठीसारखा वाकलेला, त्यावर केसांसारखं लांब शेवाळ. आणि मधोमध तळहाताएवढी जागा उघडी होती, तिथे शेवाळ नव्हतं.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे झालं रे. ये आता बाहेर." घसा बसेपर्यंत ती म्हणत राहिली. खडक हलला नाही.

दुसऱ्या वर्षीही तिने तेच केलं. तिसऱ्या वर्षी धबधब्यासमोर उभी असताना तिला स्वतःचाच राग आला. पुरे म्हणणं हे तिचं देणं होतं, ते द्यायलाच हवं होतं. पण त्याने मागितलं काय होतं? शेकोटीशी बसायला जागा. ती कुठे दिली होती?

त्या संध्याकाळी तिने लोखंडी भांड्यात निखारे घेतले. जे एकदा फेकून मारले होते ते आता दोन्ही हातांनी जपून नेले. धबधब्यासमोर शेकोटी पेटवली. दोन स्टुलं मांडली, एकावर ऊनाला घेऊन बसली, दुसरं रिकामं ठेवलं. मग पाण्यात शिरून, हात लांब करून, त्या उघड्या जागेवर लोणी चोळलं.

"दगडापुढे शेकोटी!" बायका कुजबुजल्या. आता कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी शोनत म्हातारी आपलं स्टूल घेऊन आली. मार्सलीच्या शेजारी बसली आणि बराच वेळ रडली. तिसऱ्या दिवशी सगळी वस्तीच तिथे होती.

आता उन्हाळ्यात गाई घेऊन वर कुणी जात नाही. झोपड्यांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. तरी आजही मे महिन्याच्या पहिल्या रविवारी टोर्लीचे लोक भांड्यातून निखारे घेऊन वर चढतात, धबधब्यासमोर शेकोटी करतात, एक स्टूल रिकामं ठेवतात आणि वर्षाचं पहिलं लोणी त्या उघड्या जागेवर लावतात. आजही दरीत कुणी मदतीला आलं की घरच्याने "पुरे झालं, या, बसा" म्हटल्याशिवाय तो काम सोडत नाही, आणि ते म्हणायला विसरणं ही तिथे मोठी लाजेची गोष्ट मानतात. टॉर्किलना एकदा एका बाईंनी शिडी धरायला सांगितली आणि त्या फोन घ्यायला आत गेल्या. पठ्ठ्या पाऊण तास शिडी धरून उभा! टपाल त्या दिवशी उशिरा पोचलं, पण कुणी तक्रार केली नाही.

निघताना टॉर्किल प्रत्येक पाहुण्याला धबधब्याकडे तोंड करून "पुरे झालं" हे दोन शब्द म्हणायला लावतात. कुठल्याही भाषेत म्हणा, चालतं. एखादा विचारतोच, की दगडाला ऐकू कसं जाणार?

"धबधबा तर तेव्हापासून गप्पच आहे," टॉर्किल टोपी काढून हातात घेत म्हणतात. "मग त्याला ऐकू न यायला काय झालं?"