झिपरूचा पंजा

फार वर्षांपूर्वी, प्राणीही मोबाइलवर खेळत त्या काळी, एका रानातल्या प्राण्यांनी मिळून गेमचं सबस्क्रिप्शन घेतलं. त्यासाठी दरमहा मधाचं पोळं द्यावं लागे आणि ते झिपरू अस्वल आणायचा. पण तो खेळायला बसला की त्याच्या पंजाखाली सगळा स्क्रीनच झाकला जाई. माकडं हसत आणि झिपरू ओशाळून मागे सरके.

एकदा तो म्हणाला, "यापुढे पोळं तुम्हीच आणा. नुसतं बघून कंटाळलो मी."

मग साळिंदरमावशी शहराच्या वाटेने गेली आणि मोठ्या बटणांचा कंट्रोलर घेऊन आली.

झिपरूने तो दोन्ही पंजांत धरला. गेममधली त्याची गाडी पहिल्याच वळणावर खड्ड्यात गेली.

"हरलास की रे," माकड म्हणालं.

"हो," झिपरू पोट धरून हसत म्हणाला, "पण आज खेळून हरलो."