रेघेवर थांब

"मग मला संघात का घेत नाही, बाई? गुडघा तर बरा झालाय!"

हेमांगी घोरपडे धापा टाकत विचारत होती. आत्ताच तिने खो-खोच्या मैदानाला सुसाट चक्कर मारली होती, जराही न लंगडता.

इनामदारबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आजवर पुष्कळ मुली तयार केल्या, पण हेमांगीइतकी वेगवान एकही नव्हती. आणि हे हेमांगीला पक्कं ठाऊक होतं.

तिचा उजवा गुडघा पुन्हा पुन्हा दुखावत होता. सूज उतरली की ती मैदानात, आणि मैदानात आली की पुन्हा सूज. या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशनची गरज नाही. पण मांडीत ताकद येऊ दे. घाई करू नकोस."

"पाहिलंत ना, कशी धावले?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या. "आता थांबताना बघू."

त्यांनी टाचेने मातीत रेघ ओढली. "हळू पळत ये. इथे थांब."

हेमांगीला हसू आलं. एवढंच?

ती आली... आणि रेघ ओलांडून पुढे गेली. गुडघा आतल्या बाजूला कलला. बाईंनी दंड धरला म्हणून सावरली.

"आजवर दुखावला तो धावताना?"

हेमांगीला एकेक सामना आठवला. खांबाजवळचं ते वळण, तो अचानक लावलेला ब्रेक...

"नाही," ती पुटपुटली. "थांबताना."

त्या दिवसापासून थांबण्याचा सराव सुरू झाला. घरी एका पायावर तोल सांभाळायचा, पायऱ्या सावकाश उतरायच्या. मैदानावर चालायचं आणि थांबायचं. मग हळू पळायचं आणि थांबायचं. दुखलं की बंद. बाकीच्या मुली स्पर्धेला गेल्या, तेव्हा ती रिकाम्या मैदानावर रडली. बाईंवर रागावली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

हिवाळा सरला. मांडी भरली, सूज परत आली नाही.

एके सकाळी बाई म्हणाल्या, "आज पूर्ण वेगाने."

हेमांगी सुटली. कानात वारा घुमला, रेघ अंगावर आली, दोन्ही गुडघे वाकले... धूळ पुढे निघून गेली. ती जागच्या जागी उभी होती.

कळ नाही. काहीच नाही!

"बाई! आलं! मला थांबायला आलं!" ती टाळ्या पिटत ओरडली. तिला हसावं की रडावं कळेना.

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "उद्यापासून संघात ये. आजचं झालं, घरी जा."

पण हेमांगी केव्हाच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. "एकदाच, बाई! शेवटचं एकदाच धावते!"

बाईंनी चपला पायात सरकवल्या.

"थांबायला आलं म्हणालीस ना?"