येणारीचा नंबर

आमच्या झरीआईच्या दर्शनाला आलात, की देवळामागच्या नऊ पायऱ्या उतरून झऱ्यापर्यंत जरूर जा. शुक्रवारी गेलात तर प्रत्येक पायरीवर एकेक घागर आणि घागरीमागे तिची मालकीण उभी दिसेल. फक्त धारेजवळच्या सगळ्यात खालच्या पायरीवर घागर असते, पण तिच्यामागे बाई नसते. ही घागर कुणाची, असं विचारलंत तर बायका सांगतील, "येणारीचा नंबर आहे तो."

नंबर हा शब्द इंग्रजी, हे आता शाळेत जाणारं पोरही सांगतं. पुस्तकात त्याचा अर्थ आकडा. आमच्या धामणटेकात मात्र त्याचा अर्थ पाळी, आणि दुसरीसाठी धरून ठेवलेली जागासुद्धा. तो शब्द इथे कसा आला, ते माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते.

साहेबाच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा सरकारी कामावर आलेल्या एका मिस्त्रीने या पायऱ्या बांधल्या. दगड इकडचा तिकडे लागू नये म्हणून त्याने प्रत्येकावर छिन्नीने रेघा मारल्या होत्या. खालच्यावर एक, त्याच्या वरच्यावर दोन, अशा नऊपर्यंत. बायकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, नंबर. मिस्त्री गेला, शब्द राहिला. ज्या रेघांवर घागर, तो त्या बाईचा नंबर. आणि ठेवलेल्या घागरीला दुसरीने हात लावायचा नाही, हा नेम झाला.

त्या काळी शेडग्यांच्या घरात दोन जावा होत्या म्हणे. थोरली येसू, धाकटी राही. येसूच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी ओटी रिकामी. राही दोन वर्षांपूर्वी आली आणि आता तिचे दिवस भरत आले होते. सासू राहीच्या भाकरीवर तूप वाढायची, तो चटका येसूच्या जिभेला बसायचा. राहीला कुणी "सावकाश चाल गं बाई" म्हटलं, तरी येसूची पावलं जड व्हायची. वाईट बाई नव्हती हो ती. पण हेवा आवाज न करता आत येतो आणि चुलीपाशीच बसतो.

येसूने झरीआईला नवस बोलला होता. पाच शुक्रवार कडक उपास करून पहिल्या नंबरची काठोकाठ भरलेली घागर तुझ्या अंगावर घालीन, माझी ओटी भर. चार शुक्रवार पार पडले. पाचव्या शुक्रवारी घर सारवण्यात तिला उशीर झाला. घाईने आली, तर पहिल्या पायरीवर राहीच्या माहेरची तांब्याची घागर! राही आणि बाकीच्या बायका करंजाच्या सावलीत पाठमोऱ्या बसलेल्या.

"पोटही हिलाच आणि पहिला नंबरही हिलाच," येसू पुटपुटली. तिने ती घागर उचलून वर नवव्या पायरीवर नेऊन ठेवली आणि आपली खाली लावली.

देवळात घंटा झाली तशा बायका उठल्या. राहीने खाली येसूची घागर पाहिली आणि गुमान वर उन्हात जाऊन उभी राहिली. येसूला वाटलं, बघा ताठा!

धार करंगळीएवढी. येसूची घागर गळ्यापर्यंत भरली आणि तिथेच थांबली, असं सांगतात. धार पडतच होती, पण पाणी तसूभर वर चढेना. मागे उभी असलेली सरू म्हणाली, "घागर फुटकी आहे का गं? का पाणीच रुसलंय तुझ्यावर?" बायका हसल्या. येसू घामाघूम झाली.

तेवढ्यात वर धप्पकन आवाज झाला. राही पायरीवर कोसळली होती, कळा सुरू झाल्या होत्या. सरू धावली. "अगं, तुझी घागर तर पहिली होती ना! मग इथं उन्हात का उभी राहिलीस?"

राही दात आवळून म्हणाली, "माझी कुठली? जाऊबाईंचा नंबर धरला होता मी. त्यांचा पाचवा शुक्रवार आहे... त्या आल्या, लागली त्यांची घागर. झालं."

येसूने ते ऐकलं. ती क्षणभर देवळाकडे बघत राहिली. मग गळ्यापर्यंतची ती घागर उचलून आठ पायऱ्या चढली, राहीच्या तोंडात पाणी घातलं, उरलेलं तिच्या डोक्यावर ओतलं. नवस तिथेच मोडला. आणि म्हणे त्याच घडीला खाली मनगटाएवढी धार सुटली.

करंजाखाली मुलगी झाली. सुईणीने बाळ राहीकडे दिलं, तर राहीने हात पुढे केले नाहीत. म्हणाली, "आधी तुमचा नंबर, जाऊबाई." येसूने पदर पसरला. झरीआईने ओटी भरली ती अशी.

पुढल्या शुक्रवारी येसूने पहिल्या पायरीवर घागर भरली, पण डोक्यावर घेऊन गेली ती सरूच्या दारी. सरूला चार लेक होते ना! येसू तिला म्हणाली, "तुझाही हेवा होता गं माझ्या पोटात. हे पाणी घे." तेव्हापासून इथली रीतच पडली. दुसऱ्या नंबरच्या बाईने आधी पहिली घागर भरायची आणि जिच्या सुखाने आपल्या पोटात दुखतं, तिच्या घरी पोहोचवायची. राहीने जावेसाठी धरला तसा हा नंबर तिच्यासाठी धरायचा, म्हणून ती येणारी. तिचं नाव आधी कुणी घेत नाही.

आजही ते चालू आहे. गेल्या वैशाखात झरा आटला, टँकर आला, तरी रांगेतला पहिला हंडा बिनमालकिणीचा होता. त्या दिवशी माझा दुसरा नंबर होता. तो हंडा घेऊन मी ज्या दारी गेले, तिथल्या बाईने मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "वहिनी, तुम्ही? अहो, मागच्या शुक्रवारी मीच तुमच्या दारी येणार होते. धीर झाला नाही!"

रिकामा हंडा परत देऊ नये म्हणून तिने त्यात गुळाचा खडा टाकला. आम्ही तो उंबऱ्यावर बसून अर्धा अर्धा खाल्ला.