आधी माझं मला परत दे

गोष्ट जुनी आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मलाही कोणी सांगितलेलं नाही. एकदा, खूप पूर्वी, समुद्राच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं आणि गावासमोर, नजर पोहोचेल इतक्या अंतरावर, एक बेट होतं. गावाची भाषा वेगळी, बेटाची वेगळी. मधे नुसतं पाणी.

या गावात सारजा नावाची मुलगी राहायची. पायाला भिंगरी म्हणतात ना, तशी हिच्या जिभेलाही होती. समोरच्यानं वाक्य सुरू करावं आणि सारजानं ते संपवावं, ही रोजची रीत. कोणी म्हणालं, "सारजे, विहिरीवर..." की ही घागर घेऊन पळालीच. विहिरीवर साप निघालाय, तिकडे जाऊ नकोस, हे सांगायचं त्या बिचाऱ्याच्या तोंडातच राहायचं. लोक हसायचे. सारजाही हसायची आणि पुढच्या कामाला धावायची.

तिला आईबाप नव्हते. थोरला भाऊ नागू, त्यानंच तिला लहानाची मोठी केली. तिची वेणी घालायलाही तोच शिकला, आणि वाकडी घातली म्हणून तिच्या शिव्याही त्यानंच खाल्ल्या. तिला जगात दुसरं कोणी नव्हतं.

उन्हाळा सरत आला होता. नागू होडी घेऊन समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. सारजानं किनाऱ्यावर येरझाऱ्या घालून वाळू तुडवली, पण होडी दिसेना. मग बाजाराचा दिवस आला. बेटावरचे लोक आठवड्याच्या बाजाराला काथ्या, नारळ आणि सुकी मासळी घेऊन गावात येत. त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या बाजारी बोलीत निरोप आणला. नागूला बेटाच्या आतल्या शांत पाण्यात जाळं टाकताना पकडलंय आणि बेटावरच ठेवलंय.

आता बेटाचा कायदा ऐका. पकडलेल्या परक्याला सोडवायचं, तर त्याच्या नात्यातल्या माणसानं बेटावरच्या सभेत उभं राहावं आणि बेटाच्या भाषेत, स्वतःच्या तोंडानं बोलावं. दुभाषा चालत नाही. ते म्हणत, जिभेला हाड नसतं, आणि दुसऱ्याच्या जिभेला तर मुळीच नसतं. कोणी आलंच नाही आणि पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, तर तो माणूस बेटाचा झाला. त्याला नवं नाव देतात, नवं घर देतात. पुन्हा तो आपल्या गावी जात नाही.

हे ऐकलं आणि सारजाच्या पायाखालची वाळू सरकली.

गावात बेटाची भाषा येणारी एकच बाई होती. ती फार वर्षांपूर्वी बेटावरून लग्न होऊन आली होती, म्हणून सगळे तिला बेटकरीण म्हणत. आता म्हातारी झाली होती, दारात बसून जाळी विणायची. सारजा धावत तिच्याकडे गेली.

"आजी, मला तुमची भाषा शिकव."

"बस इथं."

"बसायला वेळ कुठं आहे? 'माझ्या भावाला सोडा' कसं म्हणतात, ते सांग."

म्हातारीनं सांगितलं. सारजानं लगेच म्हणून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "बोलणं येईल गं. पण ते काय म्हणतात ते आधी कळायला हवं. आमच्या सभेत एक रीत आहे, समोरचा माणूस..."

"रीतभात तिथं गेल्यावर बघेन. पुढचं सांग. 'वाऱ्यानं होडी ओढून नेली', हे कसं म्हणायचं?"

असं करत करत सारजानं एक लांबलचक भाषण तयार करून घेतलं. माझा भाऊ निर्दोष आहे, वाऱ्यानं त्याची होडी भरकटली, तुम्ही थोर मनाचे आहात, त्याला सोडा. हे ती लाटांना म्हणून दाखवायची, कोंबड्यांना म्हणून दाखवायची, चुलीपुढे बसून भाताच्या मडक्यालाही ऐकवायची. डोकं तल्लख होतं तिचं. उच्चार असा बसला, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बेटावरच जन्मली. म्हातारीनं डोळे पुसले. तिच्या माहेरची भाषा इतक्या तरण्या आवाजात तिनं कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. ती भुलली, आणि रीतीचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या बाजारानंतर सारजा बेटकऱ्यांच्या होडीत बसून बेटावर गेली.

उंडीच्या एका मोठ्या झाडाखाली सभा भरली होती. मधोमध सभेची मुख्य बसली होती, एक जाडजूड बाई. एका कडेला नागू होता. त्याची दाढी वाढली होती. त्याच्याकडे पाहून सारजाच्या जिवाची नुसती तगमग झाली. कधी एकदा बोलते आणि याला घेऊन जाते, असं तिला झालं होतं.

पण आधी एक हडकुळा माणूस उभा राहिला. आतल्या पाण्याची राखण तो करायचा. तो बराच वेळ बोलला. सारजा त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण मनात आपलं भाषण घोळवत होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा. त्याचे शब्द तिच्या कानांवरून निघून गेले. तो थांबला, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती सुरू झाली.

काय बोलली म्हणता! एक शब्द अडखळला नाही. सभेतल्या लोकांच्या भुवया वर गेल्या. भाषण संपलं तेव्हा सारजाला वाटलं, झालं काम.

मुख्य बाईनं तिला काहीतरी विचारलं. सारजाला कळलं नाही. बाईनं तेच पुन्हा विचारलं, सावकाश. तरी कळलं नाही. मग सारजानं काय करावं? तिनं तेच भाषण पहिल्यापासून म्हणायला घेतलं, जरा मोठ्यानं. कोणीतरी हसलं. हडकुळा माणूस मात्र हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि खाली बसला.

बाईनं हात हलवला. दोघांनी सारजाला होडीपर्यंत आणून सोडलं. नागू मागून हाका मारून काहीतरी सांगत होता. हिनं वळून पाहिलं नाही, कारण रडू आवरत नव्हतं.

गावात आल्यावर ती तडक बेटकरणीकडे गेली. "तुझी भाषा खोटी आहे," म्हणाली. "मी सगळं बरोबर बोलले आणि त्यांनी मला हाकलून दिलं."

म्हातारीनं जाळं बाजूला ठेवलं. "तो माणूस काय म्हणाला होता?"

"मला काय माहीत?"

"मग बोललीस कशाला? आमच्याकडे समोरचा बोलला, की त्याचं बोलणं आधी त्याला परत द्यायचं. तुला जसं कळलं तसं, तुझ्या शब्दांत. 'हो, हेच म्हणालो' असं तो म्हणाला, की मग तुझी पाळी. आधी माझं मला परत दे, मग तुझं दे. तू त्याचं घेतलंस आणि गिळून बसलीस."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तू माझं वाक्य तोडलंस. आणि तुझ्या गोड उच्चारांना मीही भाळले, ती माझी चूक."

सारजाला फार राग आला. कोणाचा, ते तिलाही सांगता येईना.

होड्या ओढल्या जाईपर्यंत सभेत पुन्हा उभं राहता येत होतं, पण आता दिवस कमी उरले होते. वारा फिरला होता. लाटा किनाऱ्यावर आपटायला लागल्या होत्या आणि एकेक घर आपली होडी वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकत होतं. उघड्या राहिलेल्या होड्या सारजा रोज मोजायची. अशा वेळी म्हातारीनं तिला कोणतं काम सांगावं? बाजारात काथ्याच्या दुकानामागे जाऊन बस, आणि तोंड उघडू नकोस.

सारजा बसली. बसली म्हणजे काय, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. तिला भाषणातले कितीतरी शब्द येत होते, पण बेटावरचे लोक बोलायला लागले की त्यांचं सगळं बोलणं पिठल्यासारखं एकजीव होऊन जाई. त्यातून शब्द वेगळा काढायचा कसा? तिला ओरडावंसं वाटे.

संध्याकाळी म्हातारीनं विचारलं, "काय बोलत होते?"

"काही कळलं नाही."

"भांडत होते की थट्टा करत होते?"

"थट्टा करत होते."

"कोणाची?"

"त्या लंगड्या व्यापाऱ्याची. त्याला बायको ओरडली म्हणून." सारजा स्वतःच दचकली. हे आपल्याला कसं कळलं?

"मग काही कळलं नाही कसं म्हणतेस?" म्हातारी म्हणाली. "जेवढं कळलं तेवढं धर. उद्या होडीवाल्यांपाशी बस."

सुरुवातीच्या वादळी वाऱ्यात अडकलेले काही बेटकरी आता किनाऱ्यावरच मुक्काम ठोकून होते. सारजा रोज त्यांच्यात जाऊन बसू लागली. हळूहळू पिठल्यातून गुठळ्या वर यायला लागल्या. मग म्हातारीनं बोलायची परवानगी दिली, पण एका अटीवर. आधी समोरच्याचं परत द्यायचं, मग आपलं.

काथ्या विकणारी बाई म्हणाली, "काथ्या ओला आहे, आज घेऊ नकोस, कुजेल." सारजा म्हणाली, "काथ्या... ओला. आज नको. वाईट होईल." बाई पोट धरून हसली. शेजारणींना हाका मारून तिनं बोलावलं आणि सारजाला पुन्हा बोलायला लावलं. सारजाचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण त्याच बाईनं हसता हसता "कुजेल" हा शब्द तिच्याकडून नीट म्हणवून घेतला, आणि तो ती जन्मात विसरली नाही.

"आजी," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली, "पूर्वी मी किती छान बोलत होते. आता लहान मुलासारखी तोतरी बोलते."

"पूर्वी तू बोलत नव्हतीस बाई," म्हातारी म्हणाली. "वाजत होतीस."

अखेर वारा जरा पडला आणि बेटकऱ्यांची शेवटची होडी निघाली. तिच्यात सारजा बसली. आज जमलं नाही, तर पुन्हा जाणं नाही, हे तिला माहीत होतं. सगळ्या वाटेवर तिनं होडीची कड घट्ट धरून ठेवली होती.

तेच झाड, तीच सभा. हडकुळा माणूस उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता बोलू लागला. सारजानं डोळे त्याच्यावर आणि कान त्याच्या शब्दांवर लावले. मधेच ती म्हणाली, "थांबा. हळू. पुन्हा." सभेत कुजबुज झाली. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं.

मग ती परत द्यायला लागली. "आतल्या पाण्यात... मासे येतात. अंडी घालतात. तेव्हा कोणी जाळं टाकत नाही. तुम्ही पण नाही. माझ्या भावानं टाकलं."

"राहिलं," तो म्हणाला, आणि मधलं एक वाक्य पुन्हा बोलला. सारजाला ते कळेना. त्यानं आणखी एकदा सांगितलं, पोटावर हात ठेवून.

सारजा थबकली. "तुमची पोरं... भुकेली होती," ती म्हणाली. "तरी तुम्ही जाळं नाही टाकलं."

"हो," तो म्हणाला. "हेच म्हणालो."

तेव्हा कुठं सारजाला उमगलं की भाऊ खरंच चुकला होता. तिचं ते जुनं भाषण अजून जिभेवर तयार होतं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. पण ज्याची पोरं उपाशी झोपली, त्याला 'माझा भाऊ निर्दोष' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला लाज वाटली. तिनं ते भाषण सोडून दिलं आणि जे शब्द सापडतील ते घेतले.

"भाऊ चुकला. आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत. मी गावात सांगेन, सगळ्यांना. त्या पाण्यात जाळं नाही. भाऊ... मला मोठं केलं त्यानं. आई नाही. बाप नाही. मी एकटी."

वाक्यं मोडकी होती. सभेत कोणी हसलं नाही.

आता परत द्यायची पाळी त्या माणसाची होती. तो म्हणाला, "तुझा भाऊ चुकला असं तू म्हणतेस. तुम्हाला माहीत नव्हतं. यापुढे तुमच्या गावातलं कोणी तिथं जाळं टाकणार नाही. तुझ्या भावानं तुला वाढवलं. तुला आईबाप नाहीत." एवढं बोलून तो गप्प झाला.

मुख्य बाई वाट बघत राहिली.

"राहिलं," सारजा हळूच म्हणाली.

त्या माणसानं एकदा नागूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग घसा खाकरून म्हणाला, "तू एकटी आहेस."

"हो," सारजा म्हणाली. "हेच म्हणाले."

जे स्वतःच्या तोंडानं म्हटलं, ते त्याला पुन्हा गिळता येईना. त्यानं मुख्य बाईकडे पाहिलं, तिनं मान हलवली. मग नागूकडे बोट करून म्हणाला, "घेऊन जा."

नागूची होडी पाण्यात ढकलायला तो स्वतः आला. होडी सुटता सुटता सारजाला म्हणाला, "मागच्या वेळी तू फार सुंदर बोललीस. आमच्यातही कोणी तसं बोलत नाही."

"मग तेव्हा का नाही सोडलंत त्याला?"

"तू कोणाशी बोलत होतीस, तेच आम्हाला कळलं नाही," तो म्हणाला.

बहीणभाऊ उसळत्या समुद्रातून कसेबसे घरी पोहोचले. सारजानं दिलेला शब्द पाळला. ती घरोघरी फिरली आणि मासे अंडी घालतात त्या दिवसांत गावातलं एकही जाळं त्या पाण्यात पडलं नाही.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: परकी भाषा तोंडात येण्याआधी कानात यावी लागते, आणि ज्याला दुसऱ्याचं ऐकता येत नाही, त्याचं सुरेख बोलणंही कोणापर्यंत पोहोचत नाही.