मशीन अडकलं तेव्हा

चाळीस वर्षं मी थेटरात मशीन चालवतोय, पण डोळे एवढे कधी शिणले नव्हते. सिनेमाभर नुसते स्फोट, गिरक्या आणि उडणाऱ्या गाड्या. डायरेक्टर रणदिवेसाहेब लोकांना सिनेमा कसा वाटतो ते बघायला मुद्दाम आले होते, आणि नेमकं तेव्हाच मशीन अडकलं. हिरोचं तोंड पाच मिनिटं पडद्यावर तसंच थांबून राहिलं.

खेळ सुटला. लोक डोळे चोळत, न बोलता निघून गेले. साहेब मालकांवर कडाडले, "या म्हाताऱ्यानं माझ्या सिनेमाचा विचका केला. आजच्या आज काढा याला!"

मालक मान खाली घालून उभे. मी मशीनच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तेवढ्यात दारावर तिकिटं फाडणारी तुळसाबाई पुढं आली.

"साहेब, हितं मशीन थांबलं की लोक शिट्ट्या मारून छप्पर डोक्यावर घेतात. आज एक तरी शिट्टी ऐकली का?"

"नाही. का बरं?"

"समदी पहिल्यांदाच निवांत हिरोकडं बघत हुती. दाराजवळ बसल्याली एक बाई म्हणाली, 'अगं बया, दिसायला बरा हाय की ह्यो!'"

साहेब टेबलाकडं वळले. मग किल्ल्या उचलून माझ्या हातात देत म्हणाले, "बाबा, कुठं थांबलं होतं ते जरा दाखवता का?"