सोनखांब गडाची दारवान

तुम्हाला कधी एखादी गोष्ट इतकी नीट समजली आहे का, की समजली म्हणूनच बिघडली? नसेल, तर तुम्ही सुखी आहात. आता भामाचं ऐका.

एका गावात ही भोळी भामा राहायची. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायका वाचतात, आणि त्यांच्या हातात कायम लाटणं असतं. भामाची चाळिशी उलटली होती. कामाला चोख, मनाने लोण्याचा गोळा. सांगितलेलं ती कधी विसरत नसे. फक्त जिथे सांगितलं तिथे वापरायचं सोडून ती ते दुसरीकडे वापरायची. तेवढी एकच खोट.

ती स्वतःच हसून म्हणायची, "माझं डोकं म्हणजे चाळण आहे बाई. पीठ खाली जातं आणि खडे वर राहतात."

त्या गावात बायकांचा पापडांचा गट होता. पुतळाआक्का त्याच्या प्रमुख. सकाळी पापडाच्या पिठाचं डांगर कुटायचं, लाट्या करायच्या, पापड लाटायचे आणि आक्कांच्या गच्चीवर वाळत घालायचे. दुपारी राखण. राखणीला डोळे लागतात, हात रिकामे राहतात. म्हणून या बायकांनी फोनवर एक खेळ धरला. गडचक्र त्याचं नाव.

हा खेळ एकट्याने खेळायचा नाही. गावोगावची माणसं एकाच वेळी त्यात असतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, टोळी करायची, आणि दुसऱ्या टोळीचा गड घ्यायचा. आक्का सरदार झाल्या. जिभेने तिखट असलेली तानूबाई खेळात वैद्य झाली. भामाला फोनने विचारलं, कोण व्हायचंय? ती म्हणाली, "आहे तीच राहू दे." तसं सोंग त्यात नव्हतं. मग आक्कांनी तिला दारवान केलं.

या खेळाची एक बातमीपत्रिका होती, गडवार्ता. रोज सकाळी फोनवर यायची. वर बातम्या, खाली खेळाडूंची मतं. डांगर कुटता कुटता आक्का ती मोठ्याने वाचायच्या. नवे घोडे फार पळतात, असं एकाचं मत. जुने घोडे फार बसतात, असं दुसऱ्याचं. बायका ऐकायच्या आणि आपलं तिसरंच मत द्यायच्या.

गेल्या हंगामात आक्कांच्या टोळीने सोनखांब गड जिंकला. तोही वाघनखे टोळीच्या हातून. वाघनखे म्हणजे तालुक्याच्या गावची तरणीताठी मुलं. त्यांना ते फार लागलं. गडवार्तेत त्यांनी मत दिलं, "पापडवाल्या काकूंना गड कशाला? वाळवण घालायला?"

आक्कांनी ते वाचलं आणि मुसळ असं हाणलं की खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"अक्षयतृतीयेपर्यंत गड राखायचा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ज्याच्या हातात गड, त्याने दारावर हवं ते कोरायचं. एकदा कोरलं की पुसत नाही, असा नियम आहे. आपल्या टोळीचं नाव मोठं घालू. आणि खाली आपल्या प्रत्येकीचं."

"माझंसुद्धा?" भामाने विचारलं.

"तुझंसुद्धा. दारवानाशिवाय दार असतं का?"

भामाचा हात लाटीवरच थांबला. तिच्या घरातल्या भांड्यांवर सासूबाईंचं नाव होतं. माहेरच्या तांब्यावर मामाचं. घरावर नवऱ्याचं. तिचं स्वतःचं नाव आजवर कशावरही कोरलेलं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, काही झालं तरी गड जाऊ द्यायचा नाही. आक्का सांगतील ते जसंच्या तसं करायचं.

आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी गडवार्तेत एका खेळाडूचं मत आलं, "आता पूर्वीची मजा राहिली नाही. सगळ्यांनी हा खेळ सोडून द्यावा." दुपारी बायका गच्चीवर जमल्या तर गडाच्या दाराशी कोणीच नाही. भामा शांतपणे कावळे हाकत बसलेली.

"तुझा फोन कुठे गं?" आक्कांनी विचारलं.

"धान्याच्या कोठीत ठेवला. खेळ सोडला मी. सगळ्यांनी सोडायचा आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"गडवार्तेत आलंय. सकाळी तुम्हीच वाचलंत की."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते मत होतं. मत आपण करायचं नसतं. मत ऐकायचं, हं म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"असं होय," भामा म्हणाली. "आता लक्षात राहील."

आणि लक्षात राहिलं. तीच तर अडचण होती.

दोन दिवसांनी दुपारी वारा सुटला. आक्का जिन्यातून म्हणाल्या, "भामा, माझं मत विचारशील तर वावटळ येणार. पापड आत घ्यावेत."

भामा "हं" म्हणाली आणि सोडून दिलं.

वावटळ आली. अर्धे वाळलेले पापड गच्चीवरून उठले आणि आळीभर फिरले. एक देवळाच्या कळसाला चिकटला. एक पाटलांच्या ताटात पडला, आणि पाटलांनी तो कच्चाच खाल्ला.

"माझं मत म्हणजे मत नव्हे," आक्का दम लागेपर्यंत पापड वेचून झाल्यावर म्हणाल्या. "आता एकच ध्यानात धर. राखणीला बसलीस की कोणी का येईना, वारा असो, कावळा असो, माणूस असो. काठी आपटायची आणि हाकलायचं. कोण आहे ते बघत बसायचं नाही."

"असं होय. आता लक्षात राहील."

त्याच आठवड्यात आक्का आणि तानूबाई खेळात गडाबाहेर पडल्या होत्या. गडासाठी बैलांवर धान्य लादून आणत होत्या. वाघनख्यांनी त्यांना गाठलं. दोघी पळत गडाच्या दाराशी आल्या. दारात भामा. राखणीला बसलेली.

तिने काठी आपटली. "हुश्श. हुश्श."

"अगं भामे, आम्ही आहोत," तानूबाई गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडली. "दार उघड."

"कोण आहे ते बघायचं नाहीये," भामा म्हणाली, आणि दोघींना अशी काठी हाणली की वाघनख्यांना काही करायला उरलंच नाही. आक्का बैलांसकट मेल्या. म्हणजे खेळात. प्रत्यक्षात त्या भामासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

गडवार्तेत बातमी आली, "सोनखांबच्या दारवानाने आपल्याच सरदाराला मारलं." खाली मतांचा पाऊस. एकाचं मत, ही वाघनख्यांना फितूर असणार. दुसऱ्याचं, नाही, फितूर इतका मन लावून काम करत नाही.

"आता आणखी एक चूक, आणि दारावर हिचं नाव नाही," तानूबाई म्हणाली. "लोक म्हणतील, पापडांबरोबर हिची अक्कलही वाळत घातलीय."

भामा पदराला डोळे पुसत हसली. "वाळली असती तर तळून तरी खाता आली असती."

आक्कांना दया आली. "हे बघ, सोपं आहे. कोणी आलं की आधी ओळख बघायची. ओळखीचं असेल तर दार उघडायचं, आत घ्यायचं, पाणी विचारायचं."

"असं होय. आता लक्षात राहील."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या लग्नाचे पापड वाळत होते. गच्चीचं दार ढकलून शेजारची शेळी आली. भामाने काठी उचलली, मग थांबली. ओळख पाहिली. ही तर चांदी. हिच्या आईलाही भामा ओळखत होती. तिने दार पूर्ण उघडलं, चांदीला आत घेतलं आणि बादलीभर पाणी ठेवलं. चांदीने पापड खाल्ले, वर पाणी प्यायली, आणि जाताना दारातच लेंड्या टाकून गेली.

लग्नात पापड नव्हते. वरपक्ष अजून बोलतो.

"ओळखीचं होतं आक्का," भामा म्हणाली. "पाणीही विचारलं."

आक्का पायरीवर बसल्या. "ओळख असली म्हणून काय झालं? खायला येतो त्याला हाकलायचं. द्यायला येतो त्याला बसवायचं."

"असं होय. आता लक्षात राहील."

आणि गंमत बघा, हे मात्र जमलं. पापड विकत घेणारे किराणा दुकानदार गुंडाप्पाशेठ एके दुपारी हातात मोठं गाठोडं घेऊन जिना चढले. भामाने त्यांना काठीने अडवलं. "खायला आलात की द्यायला?"

शेठ जरा बिचकले. "द्यायला."

"मग बसा."

शेठनी गटाला पितळेची भली मोठी परात भेट दिली. बायकांना फार आनंद झाला. अख्खं डांगर मळता येईल, एवढी ती होती. आक्का भामाला म्हणाल्या, "आज बरोबर वागलीस. आता एवढं काम कर. भांड्यांच्या दुकानात जा आणि परातीवर नाव घालून आण."

भामा गेली. नाव घालून आणलं. आक्कांनी परात उन्हात धरली आणि वाचलं. सुरेख, ठसठशीत अक्षरं होती. लिहिलं होतं, "परात."

"हे काय?"

"तिचं नाव," भामा म्हणाली. "दुकानदारही पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, मी ओळखते ना तिला."

तानूबाई हसून हसून भिंतीला टेकली. आक्का मात्र हसल्या नाहीत. शेठ उद्या येणार होते, आणि आपलं नाव शोधणार होते. त्यांनी भामाला समोर बसवलं.

"नीट ऐक. भेट आलेल्या वस्तूवर तिचं नाव घालत नाहीत. आपलंही घालत नाहीत. ज्याच्याकडून आली त्याचं घालतात. अमुक यांच्याकडून सप्रेम भेट. अशी रीत आहे. हे आयुष्यभर लक्षात ठेव."

"आयुष्यभर?"

"मरेपर्यंत."

"असं होय. आता लक्षात राहील."

अक्षयतृतीया आली. त्या दिवशी पापड घातले नाहीत. दुपारी सगळ्या गच्चीवर जमल्या. वाघनखे टोळी झाडून सगळी गडाखाली उभी होती. गडवार्तेत सकाळीच मतं आली होती. बहुतेकांचं मत होतं, गड पडणार, आणि दारातूनच पडणार, कारण दारात कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

आक्कांनी भामाचा हात धरला. "भामा, आता माझं शेवटचं ऐक. मागचं सगळं विसर. मी काय काय सांगितलं ते सगळं. आज दार उघडायचं नाही. कोणी काही म्हणालं तरी एकच बोलायचं, आज नाही."

भामाने डोळे मिटले आणि मागचं सगळं विसरून टाकलं. आयुष्यभर लक्षात ठेवायचं होतं तेवढं ठेवलं.

बाकीच्या तटावर चढल्या. उकळतं तेल ओतायचं काम होतं. तळणाची सवय असल्याने ते त्यांना सोपं गेलं. वाघनख्यांनी मग दाराकडे मोर्चा वळवला. खेळात एकमेकांशी बोलता येतं.

"काकू, आम्ही ओळखीचे आहोत," एक म्हणाला.

"आज नाही."

"काकू, आम्ही द्यायला आलोय. धान्य आणलंय."

"आज नाही."

"काकू, बातमी आलीय. खेळ बंद होणार आहे."

"आज नाही."

"मग कधी?"

"आज नाही." तेवढ्यात खाली अंगणात भामाचा नवरा आला आणि त्याने हाक दिली, "अगं, सणाचं जेवायला वाढतेस ना?"

"आज नाही," भामा म्हणाली.

तो बिचारा चुलत्याकडे जेवला.

उन्हं उतरली. वाघनख्यांनी दारावर हत्ती घातला. भामाने हत्तीलाही तेच सांगितलं, आणि कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. हत्ती मागे सरला. मग खेळात नगारा वाजला. मुदत संपली होती. गड जागच्या जागी होता, आणि दार बंद होतं.

मग तानूबाईने उठून भामाला मिठी मारली. "भामे," ती म्हणाली, "माझी जीभ झडो." भामा नुसती हसली.

आक्कांचे डोळे भरले होते. त्या गूळ-खोबरं आणायला खाली निघाल्या. दाराचा मान दारवानाचा, म्हणून कोरायची पाटी भामाच्याच फोनवर उघडली होती. "आक्का, हे विचारतंय, दारावर नाव काय घालायचं," भामाने हाक मारली.

"तू घाल गं," आक्का जिन्यातून म्हणाल्या. "मान तुझा आहे. तुझ्या हाताने घाल."

भामाने फोन मांडीवर घेतला. आपलं नाव घालावं असं तिला फार वाटत होतं. एकदा तर तिने "भा" लिहिलंसुद्धा. पण मग आक्कांचे एवढे कष्ट तिला आठवले. इतकं समजावून सांगितलेलं आपण ऐन वेळी वाया घालवायचं, हे काही बरं नाही. तिने "भा" पुसला. एकेक अक्षर बघून, सावकाश, सुबक लिहिलं. मग फोन पदराने पुसून बाजूला ठेवला आणि आलेलं गूळ-खोबरं समाधानाने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडवार्तेत सोनखांब गडाच्या दाराचं चित्र आलं. दारावर कोरलं होतं, "वाघनखे टोळीकडून सप्रेम भेट." खाली खेळाडूंची मतं होती. पुतळाआक्कांनी ती सगळी वाचली, हं म्हणाल्या, आणि फोन धान्याच्या कोठीत ठेवून दिला.