कौशारमुनींच्या अंगणातील दाणे

कृतयुग सरत आले होते आणि ऋतूंचे देव अजून माणसांशी समोरासमोर बोलत, त्या काळची ही गोष्ट. हिमवंताच्या पायथ्याशी, देवदारांच्या दाट छायेत कौशार नावाचे मुनी पत्नी सुवेणेसह राहत. त्यांचे व्रत उंछवृत्तीचे. म्हणजे कापणी आटोपून शेतकरी घरी गेला, की मातीत सांडलेले दाणे तेवढे वेचायचे आणि त्यांवर जगायचे. कोणापुढे हात पसरायचा नाही. मुनी मोठे काटेकोर, बरं का. भेगेत शिरलेला जवाचा दाणाही ते काडीने उकरून काढीत. मूठभर शिजवीत, उरलेले मडक्यांत राखीत. कारण वसंतारंभी त्याच धान्याचा यज्ञ करून त्यांना सदेह स्वर्गी जायचे होते.

त्या वर्षी शिशिर कोपून आला. नदी थिजली, गवताची पाती स्फटिकासारखी मोडू लागली. रानातले तित्तिर, पारवे, चिमण्या आश्रमाच्या अंगणात उतरल्या आणि पंख फुगवून बसल्या, त्या उडेचनात. मुनींना करुणा आली. ते शांतिमंत्र म्हणू लागले.

सुवेणा दारात उभी होती. ती म्हणाली, "स्वामी, मंत्राने यांचे पोट भरायचे नाही. मडकी काढा."

ते तर देवांच्या नावे राखलेले हविष्य, असे मुनी म्हणाले. शेतात पडले ते कोणाचेच नव्हते, म्हणून तर ते पवित्र.

"कोणाचेच कसे?" सुवेणा म्हणाली. "शेतकऱ्याच्या मागून शेतात उतरतात ते हेच की. आपण यांच्या आधी पोहोचलात. आणि काडी घेऊन पोहोचलात."

मुनी उठले, बर्फ झाडून त्यांनी जागा केली आणि पहिले मडके तिथे रिते केले.

तेव्हा हिमवस्त्रे ल्यालेला, शुभ्रजटाधारी शिशिरदेव अंगणात प्रकटला. गारठून पडणारा जीव हा विधात्याने आपल्याला नेमून दिलेला भाग आहे, असे त्याने बजावले आणि दाण्यांवर हिमाचा थर लोटला. मुनींनी तो झाडला. त्याने पुन्हा लोटला, मुनींनी पुन्हा झाडला. असे रोजच चालले. सुवेणेने फांद्यांचा आडोसा रचला. पाखरांसाठी पसरट भांड्यात ठेवलेले पाणी थिजू नये म्हणून ती तापलेले दगड त्यात सोडी.

शिशिर हसून म्हणाला, "मुनिवर, स्वर्ग मुठीमुठीने उधळता आहात. मडकी संपतील, मी संपणार नाही."

"तुला वसंत संपवील," मुनी म्हणाले. "तोवर पुरवायचे, एवढेच माझे काम."

पाखरे आता मुनींच्या खांद्यावर, तळहातावर बसू लागली. त्यांच्या इवल्या नखांच्या स्पर्शाने तो विरागी वृद्ध लहान मुलासारखा हरखून जाई. शिशिराने ते पाहिले. शेवटचे मडके तळाला गेले, वाराही मवाळ होऊ लागला, तेव्हा तो क्रोधाने थरथरत म्हणाला, "ज्या स्पर्शाने तू सुखावतोस, तो मी हिरावतो. तुझे दाणे हे पक्षी खातील, पण तुला पाहताच उडून जातील. तुझ्यामागून जो कोणी दाणे टाकील, त्याचेही असेच होईल."

मुनींच्या हातावरची चिमणी तत्क्षणी उडाली. सुवेणेचे डोळे भरून आले. प्रतिशाप द्या, असे तिने विनवले. मुनींनी कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतलेही; पण क्षणभर थांबून ते त्यांनी पाखरांच्या पसरट भांड्यात ओतले.

"राहू दे हा शाप," ते म्हणाले. "माझ्या हाताला सरावलेले पाखरू उद्या व्याधाच्याही हातावर बसेल. भ्याली तर जगतील."

शिशिर मस्तक लववून उत्तरेस निघून गेला. वसंत आला तेव्हा मडकी रिकामी होती. यज्ञ झाला नाही, मुनी स्वर्गी गेले नाहीत. पुढच्या कापणीनंतर ते काडी न घेताच शेतात उतरले.

म्हणून आजही कडाक्याच्या थंडीत दाणे टाकले, तरी पाखरे लगेच येत नाहीत. टाकणाऱ्याने आत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि वाट पाहायची. मग ती उतरतात.